सगळ्यांची नावं घेणारी

साक्षीला हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. ओठ हलत असायचे, नजर आपल्यावरून पलीकडे गेलेली आणि उजव्या हाताचं एक बोट वर. थांब, एवढं होऊ दे. सकाळी बाथरूमच्या रांगेत तिचा नंबर आलेला असायचा, दार उघडं, मागे बादल्या घेतलेल्या पोरी वैतागलेल्या, कॉलेजची वेळ टळत चाललेली, आणि ही दारातच बोट वर करून उभी. मागून कुणीतरी ओरडायचं, "साक्षी, देवाला म्हणावं जरा होल्डवर राहा!" ती घाईघाईनं मान हलवायची, पण ओठ थांबायचे नाहीत. संपलं की अशी काही धावायची की बादलीतलं अर्धं पाणी पॅसेजमध्ये.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला मुलींचं एक खाजगी हॉस्टेल होतं. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला मी तिथं राहायला गेले आणि साक्षी माझी रूममेट झाली. मी संगमनेरची, ती चांदवडजवळच्या एका गावातली. सुरुवातीला मला वाटलं, ही कुठलं तरी स्तोत्र म्हणते. एकदा अगदी शेजारी बसून ऐकलं तर ती नुसती नावं घेत होती. "आई, बाबा, दादा, वहिनी, मोठी आत्या, आत्याची पिंकी, शेजारचे तात्या, तात्यांची म्हातारी, कपिला..." कपिला म्हणजे त्यांची गाय. प्रत्येक नावानंतर ती किंचित थांबायची. माणूस देवीसमोर आणून उभं करायचं, तिला नीट दाखवायचं आणि मगच पुढचं आणायचं, असं तिचं चाललेलं असे. शेवटी तिनं "केतकी" म्हटलं तेव्हा मी चमकलेच. आम्ही एका खोलीत येऊन आठवडाही झाला नव्हता.

"माझं कशाला?" मी विचारलं.

"आता तू माझ्या खोलीत राहतेस ना," ती म्हणाली. तिच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

वकीलबाई हे नाव तिला तेजलनं दिलं. तेजल आमच्या खोलीतली तिसरी, सटाण्याकडची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, देवधर्माशी काही देणंघेणं नाही. घरी फोन लावला की अहिराणीत सुरू व्हायची आणि पॅसेजच्या टोकापर्यंत नुसतं "शे, शे" ऐकू यायचं. ती म्हणाली, "ही बघ, सगळ्यांच्या केसेस वर चालवते. नाव साक्षी आणि काम वकिलाचं!" नाव चिकटलं. व्हायवाच्या आदल्या दिवशी पोरी आमच्या दारात यायच्या. "वकीलबाई, उद्या माझी तारीख आहे हं. सांभाळून घ्या." साक्षी हसायची आणि तिचं ते ठरलेलं वाक्य म्हणायची, "सांगून ठेवते."

या 'सांगून ठेवते'मध्ये काय होतं कोण जाणे, पण ते लागू पडायचं. मला तोंडी परीक्षेची भयंकर धास्ती. हात बर्फासारखे पडायचे, येत असलेलं उत्तर घशात अडकायचं. फार्माकोलॉजीच्या व्हायवाला मी लॅबच्या बाहेर भिंतीला टेकून उभी होते. आतून पुकारा झाला. साक्षी माझ्या मागेच होती. तिनं माझा ॲप्रन मागून सरळ केला आणि हळूच म्हणाली, "सांगून ठेवलंय गं. जा." मी आत गेले आणि बोलले. सरांनी आडवंतिडवं विचारलं तरी बोलले. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागायचा, त्यापलीकडे मी देवाचा कधी विचार केला नव्हता. तिच्या देवीवर माझी श्रद्धा बसली असंही नाही. पण कुणीतरी आपल्या वतीनं बोललंय या नुसत्या जाणिवेनं अंगातला थरथराट बसला होता, हे खरं.

तिची स्वतःची भक्ती बाहेरून फार साधी होती. कपाटाच्या दाराला आतून लावलेला रेणुकामातेचा छोटा फोटो, एक उदबत्ती, आणि गावाला जाताना चांदवड आलं की एसटीच्या खिडकीतून देवीच्या डोंगराच्या दिशेनं जोडलेले हात. उपासतापास फारसे नाहीत. आम्हाला उपदेश कधीच केला नाही. मिसळीवर तुटून पडायची, रस्सा दोनदा मागून घ्यायची, आणि तर्रीनं नाक वाहायला लागलं की हसत सुटायची. तिच्याकडे बघून वाटायचं, श्रद्धा असावी तर अशी. हलकी, खिशात मावणारी.

खिशात मावणारी ती नव्हती, हे मला कळायला पावसाळा संपावा लागला.

झालं असं की नावं वाढत गेली. मेसच्या मावशींचे गुडघे, वॉचमनची आजारी मुलगी, कॉलेज रोडला पाय ओढत चालणारं एक कुत्रं, वर्गातली जिचं लग्न मोडलं ती मुलगी. कुणी काही दुःख सांगितलं की ते माणूस साक्षीकडे मुक्कामालाच यायचं, परत जायचं नाही. कमी कुणाला करणार? आणि नावांबरोबर नियम वाढले. मधे कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. जांभई आली तर पहिल्यापासून. बाथरूममध्ये असताना चुकून एखादं नाव मनात आलं तर बाहेर येऊन चूळ भरायची आणि पहिल्यापासून. तेजल म्हणाली, "फोनमध्ये लिहून ठेव ना बाई, वाचून काढ." साक्षी घाबरून म्हणाली, "छे, वाचून म्हटलं तर मनापासून कसं होईल?"

एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. ती एकच ओढणी पुन्हा पुन्हा झटकत होती.

"केतकी, एक विचारू? हसणार नाहीस?"

"विचार."

"नाव घेताना... मधेच वाईट दिसलं तर?"

"वाईट म्हणजे?"

"म्हणजे तो माणूस. असा निजवलेला. पांढऱ्या कापडात." तिनं ओढणी दोरीवर टाकली आणि लगेच काढून घेतली. "मी मुद्दाम नाही गं आणत डोळ्यासमोर. आपोआप येतं. आईचं नाव घेतलं की येतंच. मग ते पुसायला परत घ्यावं लागतं. परत घेतलं की परत येतं."

"अगं, मनातल्या विचारानं काही होत नसतं," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

तिनं वाद घालायला विचारलं नव्हतं. मला माहीत असेल तर तिला खरंच हवं होतं ते. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

त्यानंतर मला ती वेगळी दिसायला लागली. ज्या ओठांची आम्ही चेष्टा करायचो, ते आता बघवत नसत. जेवताना घास हातात थांबलेला असायचा. लेक्चरला ती शेवटच्या बाकावर बसू लागली, कारण पुढे बसलं की सर मधेच प्रश्न विचारतात आणि तुटतं. हॉस्टेलपासून दहा मिनिटांवर एक छोटं दत्ताचं मंदिर होतं. आम्ही दोघी तिथं जायचो. नमस्कार करून निघालो की ती कोपऱ्यापर्यंत यायची, थांबायची. "एक मिनिट हं." परत जायची. पुन्हा कोपऱ्यापर्यंत, पुन्हा परत. तिसऱ्यांदा आली की डोळ्यांत पाणी असायचं आणि चेहऱ्यावर अपराधी हसू. "झालं आता. चल, चल लवकर." देवळातून माणसं शांत होऊन बाहेर पडतात. ही घामेजून बाहेर पडायची.

तेजलच्या वडिलांचा एक पिकअप होता. डाळिंबं, टोमॅटो, जे मिळेल ते भरून ते नाशिक मार्केटला यायचे. येताना पोरीसाठी डबा आणि आमच्या खोलीसाठी एखादं कॅरेट फळं. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवसांनी तेजल साक्षीच्या पलंगावर येऊन बसली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "माझा काही विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण तुझं वर चालतं म्हणतात. आमच्या बाबांचं नाव टाक ना."

"टाकते," साक्षी म्हणाली. "आजपासून."

एवढ्या मोठ्या आवाजाच्या मुलीनं एवढ्या लहान आवाजात काही मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेजलचे बाबा गेले त्या दिवशी रविवार होता. मेसमध्ये जेवणं चालली होती. फोन आला, तेजल उठून बाहेर गेली, आणि परत आली ती भिंतीला धरून. गाडी भरतानाच ते खाली बसले होते, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तिचा चुलतभाऊ नाशिकमध्येच होता, तो न्यायला निघाला. आम्ही तिची बॅग भरत होतो. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, साक्षी चार्जर गुंडाळत होती. तेजल पलंगावर बसून नुसती बघत होती. मग तिनं साक्षीकडे मान वळवली.

"तू तर रोज घेत होतीस ना गं त्यांचं नाव?"

आरोप नव्हता तो. लहान मुलानं विचारावं तसं तिनं विचारलं. साक्षीच्या हातात चार्जर होता, तो तिनं उलगडला, पुन्हा गुंडाळला.

तेजल गेली. साक्षी बेसिनपाशी गेली आणि चुळा भरू लागली. भरतच राहिली. मी नळ बंद केला तेव्हा ती म्हणाली, "मला आठवत नाहीये."

"काय?"

"सकाळी घेतलं की नाही. मेसची घंटा झाली तेव्हा मी तात्यांच्या म्हातारीपर्यंत आले होते. पुढचं घेतलं का? केतकी, तू होतीस ना खोलीत? मी घेतलं का गं पुढचं?"

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. भिंतीकडे तोंड करून बसलेली साक्षी. न उघडलेला डबा. "सकाळी ऊन कुठपर्यंत आलं होतं, सांग ना, म्हणजे मला आठवेल." नावं आता ती मोठ्यानं घेऊ लागली होती, कारण मनात घेतलेली मोजली जात नसतील तर? घसा बसला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ॲप्रन घालून, आयकार्ड लावून ती खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि तिचा पाय बाहेर पडेना. आईचं नाव घेताना वाईट दिसलं होतं, ते पुसल्याशिवाय कसं निघायचं? मी हाताला धरून ओढलं तर किंचाळली. परीक्षा सुरू व्हायची वेळ उलटून गेली, मी तिला सोडून धावत कॉलेजला गेले. प्रॅक्टिकल करताना माझेच हात थंड पडले होते. या खेपेला ॲप्रन सरळ करायला मागे कुणी नव्हतं.

परत आल्यावर मी तिच्या फोनवरून तिच्या आईला फोन केला.

आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आल्या. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, पिशवीत भाकरी आणि ठेचा. पोरीला पाहिलं आणि दारातच पिशवी खाली ठेवली. "काय करून घेतलं गं साक्षे हे?" त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं, पहिल्या नावापासून. मग म्हणाल्या, "तू जल्मली नव्हती तवा मला कोण सांभाळत व्हतं मग? तवा कोण माझं नाव घ्यायचं?"

साक्षीनं विचार केला. "तेव्हा आजी घेत असेल," ती म्हणाली.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जी हतबलता होती ती मी गच्चीवर अनुभवली होती. या भीतीला कुठलंही उत्तर दिलं की तिचं पुढचं तयारच असायचं.

साक्षीच्या मामाचा फोन आला. कुणीतरी बाहेरचं बघणारा आहे, तिकडे घेऊन या म्हणत होता. आईंनी ऐकून घेतलं आणि ठामपणे सांगितलं, "नाय. देवीची ओटी मी भरीन, ते माझं मी बघते. पण पोरगी आधी डॉक्टरला दाखवायची." आमच्या एका मॅडमनी कॅनडा कॉर्नरजवळच्या मानसोपचार डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. आईंना शहरातलं बोलणं नीट कळेल की नाही याची धास्ती, म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी साक्षीला खूप वेळ बोलू दिलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "सगळी नावं नीट घेऊन झाली की बरं वाटतं?"

"हो."

"किती वेळ?"

"वाटेपर्यंतच," ती म्हणाली. "बरं वाटलं असं वाटलं, की संपतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याला आपल्याकडे जुना शब्द आहे. मंत्रचळ. तुझ्या आधी खूप जणांना झालाय, म्हणून तर शब्द आहे. हात धुण्याचा होतो, कुलपं तपासण्याचा होतो. तुझ्या भीतीनं देवीचं नाव घेतलंय, एवढाच फरक."

साक्षीनं घाबरत विचारलं, "मग देवीचं करायचं बंद करू?"

"माझ्याही घरी देव्हारा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "देवी तुझी तुझ्याकडेच राहू दे. आपण फक्त भीतीला तिथून उठवू. औषध देते. आणि एक अभ्यास करावा लागेल. तो औषधापेक्षा कडू आहे."

तो अभ्यास असा की एक नाव मुद्दाम गाळायचं. दिवसभर गाळायचं, आणि जी भीती येईल ती येऊ द्यायची, पुसायला धावायचं नाही. कुणाचं नाव, यावर बाहेरच्या बाकावर बसून चर्चा झाली. आई म्हणाल्या, "माझं गाळ." त्यावर साक्षीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. कपिला नको, ती गाभण होती. मी म्हटलं, "माझं गाळ. मी धडधाकट आहे."

म्हणताना मला फार सोपं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला ट्रेनिंगसाठी अंबडच्या एका कंपनीत जायचं होतं, स्कूटीवर. साक्षी गेटपर्यंत आली. तोंड पांढरंफटक, ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे बांधलेले. "हळू जा," एवढंच बोलली. मी निघाले आणि त्र्यंबक नाक्यापर्यंत येते तोच माझ्या लक्षात आलं की मी आरशात जरा जास्तच बघतेय. पुढचा टेम्पो उगाच डुलतोय असं वाटलं. मुंबई नाक्यावर सिग्नल सुटला तरी मी क्षणभर निघालेच नाही, मागून हॉर्नचा भडिमार झाला. इतके महिने रोज सकाळी कुणीतरी माझं नाव घेत होतं. आज घेतलेलं नव्हतं. मी ज्याला मानत नव्हते, ते काढून घेतल्यावर मला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. कंपनीत दिवसभर माझं लक्ष नव्हतं. जिना उतरताना मी कठडा धरून उतरले. साक्षी रोज कशात जगते याची एक दिवसाची चव मला मिळाली, आणि ती मला दुसऱ्या दिवशी नको होती.

संध्याकाळी मी वळणावर आले तेव्हा ती गेटलाच उभी होती. वॉचमन म्हणाला, दुपारपासून उभी आहे. मी स्कूटी स्टँडला लावली. तिनं माझे दंड चाचपले, चेहरा पाहिला, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "आता उद्या परत?"

"उद्या परत," मी म्हटलं. मला ते म्हणणं किती जड गेलं, हे तिला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर तेजल परत आली. साक्षी दोन दिवस तिच्यासमोर येईना, ती खोलीत असली की गच्चीवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तेजलच गच्चीवर गेली, मी मागोमाग. साक्षी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. तेजल तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"मी काय बोलले ते केतकीनं सांगितलं मला. मला तर आठवतही नाही मी असं काही विचारलेलं." तिचा आवाज अजून पूर्वीचा झाला नव्हता. "ऐक. बाबांना डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. ते घ्यायचेच नाहीत. पिकअपच्या सीटच्या मागे तशीच्या तशी पाकिटं सापडली. आता यात तुझ्या देवीनं काय करायचं होतं? गोळी भरवायची?"

साक्षी म्हणाली, "मला आठवत नाहीये मी त्या दिवशी..."

"नसेल घेतलंस. मला फरक नाही पडत. बाकीचे सगळे दिवस माझ्या बाबांचं नाव कुणीतरी घेत होतं, घरातलं नसून. मी आईला सांगितलं हे. ती किती वेळ तुझंच विचारत होती." मग तिचा जुना खट्याळपणा क्षणभर वर आला. "आणि आता तर बिनधास्त घे. आता त्यांना काहीच होणार नाही."

साक्षीच्या तोंडून आधी हुंदका निघाला की हसू, ते मला कळलं नाही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडल्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. औषधानं पहिले काही आठवडे तिला नुसती झोप यायची. एक एक नाव सुटत गेलं. आईचं मात्र सुटेना. त्यासाठी जवळजवळ वर्ष गेलं, आणि त्यातही परीक्षा आली की सुटलेली सगळी माणसं रांगेनं परत यायची. कधी कधी ती रागवायची. "तुम्हाला काय जातं गाळा म्हणायला!" राहिलेलं प्रॅक्टिकल तिनं पुढच्या परीक्षेत दिलं, ओठ चावत दिलं, आणि पास झाली. चूळ भरणं थांबलं. मिसळ परत सुरू झाली. हॉस्टेल सोडताना तेजल आणि मी सीबीएस स्टँडवर तिला एसटीत बसवून आलो. तेजल ओरडली, "वकीलबाई, प्रॅक्टिस बंद ना?" साक्षी खिडकीतून म्हणाली, "थोडी थोडी चालू आहे गं." खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

तेजल सटाण्याला, साक्षी चांदवडला एका मेडिकलमध्ये, मी नाशिकमध्येच अंबडला नोकरीत. फोन असायचे, भेटी कमी होत गेल्या. साक्षी बरी आहे म्हणायची, आणि आवाजावरून ते कधी खरं वाटायचं, कधी नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं. गाठ होती, ती कसली हे काढल्यावरच कळणार होतं. मी आईला नाशिकला आणलं. आदल्या संध्याकाळी साक्षीला मेसेज लिहायला घेतला. 'उद्या आईचं...' एवढं लिहिलं आणि थांबले. जगात कुणालाही सांगावं, पण हिला हे सांगावं का? वर्षभर जे ओझं तिनं एक एक करून उतरवलं, त्यात माझ्या हातानं आईला ठेवायचं? मी लिहिलेलं पुसलं. पण तेजलला सांगितलं होतं, आणि तेजलच्या पोटात काही राहत नाही.

सकाळी आईला आत नेलं. मी बाकावर येऊन बसते तोच जिन्यावरून साक्षी आली. स्वेटर, खांद्याला पिशवी, केस वाऱ्यानं विस्कटलेले, हायवेच्या थंडीनं ओठ फुटलेले. पहिल्या गाडीनं निघाली होती. पिशवीतून तिनं थर्मास काढला, मला चहा दिला आणि माझ्या शेजारी बसली. काही विचारलं नाही. मी तिच्याकडे बघत होते. ओठ मिटलेले होते, पण पाय सारखा हलत होता. ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मधेच उठून खिडकीशी जायची, परत यायची. मीही तशीच. दोघी त्या पॅसेजमध्ये एकमेकींना ओलांडत येरझारा घालत होतो.

दुपार झाली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. गाठ साधी दिसतेय म्हणाले, तपासणीला पाठवू, पण काळजीचं वाटत नाही. साक्षी भिंतीला टेकली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. इतकी, की नर्सला वाटलं पेशंट हिचीच आई.

"मी नाही घेतलं गं," ती म्हणत होती. "आत नेल्यापासून एकदाही नाही घेतलं. सारखं तोंडाशी येत होतं. येताना पिंपळगावला वाटलं, उतरावं आणि परत जावं, इथं बसून मला नाही जमणार. पण नाही घेतलं."

मी तिचे हात धरले. ते बर्फासारखे होते. मग मी जे कुणालाच सांगणार नव्हते ते तिला सांगितलं. आईला आत नेल्यापासून मीच घेत होते. मनातल्या मनात, येरझारा घालताना, आईचं नाव. कुठल्या देवाला की देवीला, ते मला माहीत नाही. एकदा घेतलं, मग वाटलं नीट झालं नाही, म्हणून पुन्हा. मग पुन्हा.

साक्षी रडायची थांबली. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट, शांतपणे पाहिलं. या विषयात तिच्याइतकं कळणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

"घे की," ती म्हणाली. "नाव घ्यायला कोण नको म्हणतंय? पण एकदाच घे, केतकी. ऐकू येतं तिला."